‘अंगा’चा शिक्का

शब्द निवडताना गहिनीनाथांनी जेवढी चौकशी केली, तेवढी त्यांनी जावई निवडतानाही केली नव्हती. जावई एका बैठकीत पसंत पडला होता. शब्दाला तीन महिने लागले.

वडवणी-दिंद्रुड रस्त्यावरच्या सावरटाकळीच्या ग्रामीण रुग्णालयात नवजात बाळांच्या दुधाची नोंद कॉम्प्युटरवर सुरू झाली, तिथून हे सगळं मागे लागलं. बाळाने किती वाजता दूध घेतलं आणि कुठलं घेतलं, हे सिस्टरने आईला नाहीतर आजीला विचारायचं आणि कॉम्प्युटरवर भरायचं. पण पर्याय सगळे इंग्रजीत. योगिता सिस्टर टेबलाच्या काचेखाली चिठ्ठी ठेवून, कुठला शब्द कुठल्या दुधाचा, ते दर वेळी बघायची. गहिनीनाथ तिथले नोंदी सांभाळणारे कारकून. सव्वीस वर्षांत आपल्या रजिस्टरात एक खाडाखोड नाही असं ते सांगत, आणि तपासायला कोणी जात नसल्यामुळे ते खरंच मानलं जाई. त्यांनी मनावर घेतलं, की हे पर्याय मराठीत आणायचे.

आता मराठीत म्हणजे कुठल्या मराठीत? डॉक्टर विजयसिंह म्हणाले, “स्तनपान लिहा, विषय संपला.” गहिनीनाथांनी आधी वॉर्डात जाऊन एका म्हातारीवर तो शब्द वापरून पाहिला. “आजी, स्तनपान चालू आहे का?” म्हातारी विचार करून म्हणाली, “न्हाई बा, आमच्यात कुणी तसलं काई करत न्हाई.” शेजारी बंकटराव राहत. ते निवृत्त तलाठी, म्हणून कुठल्याही कागदावर त्यांचा पहिला हक्क. त्यांनी ‘मातृदुग्ध’ आणि ‘मातृदुग्धेतर’ असे दोन शब्द सुचवले आणि कागदाला वजन आलं पाहिजे यावर अर्धा तास घेतला.

शेवटी बायकोने, छबुबाईने, भाकरी थापता थापता निकाल लावला. “आईचं ते अंगावरचं दूध. गाईचं, म्हशीचं, डब्याचं, ते समदं वरचं. ह्याला तीन महिने कावून लागतेत तुमाला?”

तेच ठरलं. अंगावरचं, वरचं आणि दोन्ही. गहिनीनाथांनी इंग्रजीतून अर्ज केला, चारदा आठवण करून दिली, आणि एक तारखेला सकाळी पडद्यावर तीन मराठी शब्द उमटले. त्यांनी कॉम्प्युटरपुढे नारळ फोडला. पाणी कळफलकात गेलं म्हणून तो दिवस वाया गेला, पण दुसऱ्या दिवसापासून योगिताने काचेखालची चिठ्ठी काढून टाकली. पुढचे दोन दिवस गहिनीनाथ वऱ्हांड्यातून जरा सावकाश चालत होते.

चार तारखेला त्यांची लेक सायली याच रुग्णालयात बाळंत झाली. पहिलं बाळंतपण, माहेरी आलेली. मुलगी झाली, दोन किलो चाळीस ग्रॅमची. रडायला खणखणीत, पण अंगाने एवढीशी. डॉक्टर म्हणाले, जरा वजन धरेपर्यंत इथेच राहू द्या. गहिनीनाथांनी ऑफिसातून वॉर्डात आणि वॉर्डातून ऑफिसात अशा खेपा सुरू केल्या. एवढुसं तोंड बघितलं की त्यांना उगाच भीती वाटे, आणि भीती वाटली की ते वजनकाट्याची धूळ पुसत.

रोज सकाळी प्रत्येक बाळाच्या आदल्या दिवसाच्या नोंदीची चिठ्ठी छापून पाळण्याला अडकवायची, असा नियम होता. ती वाचायची असा नियम नव्हता. डॉक्टर आणि सिस्टर पडद्यावर बघत. चिठ्ठीतली एकच जागा गहिनीनाथ रोज वाचत, ती म्हणजे तळाशी ‘नोंद तपासणार’ यापुढे छापलेलं त्यांचं नाव. आणि तिथे छापलेलं असे ‘नीनाथ’. पडद्यावर अख्खा गहिनीनाथ, कागदावर नीनाथ. शेजारी ‘नोंद करणार’ म्हणून योगिताचं नाव मात्र सगळंच्या सगळं छापून येई, आणि ते त्यांना जास्त लागलं.

त्यांनी कॉम्प्युटरवाल्यांच्या मदतकक्षाला फोन लावला. तिकडचा मुलगा गोड आवाजात म्हणाला, “सर, तुमचं तिकीट काढलंय.”

“कुठलं? मी कुठं चाललोय?”

“तक्रारीचं तिकीट सर. नंबर देतो, लिहून घ्या.”

अकरा आकडी नंबर त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहून घेतला. त्यापुढे काही झालं नाही. बापाने ठेवलेलं नाव एका यंत्राने कापलं, ही गोष्ट ते गावात भेटेल त्याला सांगत राहिले.

आठ तारखेला विहीणबाई आल्या. चतुराबाई केजकडच्या, शेळ्या-मेंढ्या राखणाऱ्या घरातल्या, चौथी शिकलेल्या आणि त्याची आठवण करून देणाऱ्या. काळीपिवळी जीपमधून उतरल्या त्या शेळी घेऊनच. “मला च्याला शेळीचंच दूध लागतं,” एवढं सांगून त्यांनी रुग्णालयाच्या आवारातल्या लिंबाला शेळी बांधली. विहिणीला नाही म्हणायची सोय नसते. डॉक्टरांनीसुद्धा शेळीला वळसा घालून जायला सुरुवात केली.

पहिल्या दिवशी सगळं गोड होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी चतुराबाईंनी पाळण्याची चिठ्ठी हातात घेतली, ओठ हलवत वरपासून खालपर्यंत वाचली आणि परत अडकवली. तेव्हापासून त्यांचा नूरच पालटला. छबुबाईने हळिवाची खीर केली तर म्हणाल्या, “आता खीर करून काय उपेग.” सायलीच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाल्या, “तुजा दोष न्हाई पोरी. ज्येचं त्येचं अंग असतं.” सायली आईकडे बघू लागली, आई नवऱ्याकडे. गहिनीनाथांना वाटलं, आहेरात काही राहिलं. त्यांनी मनातल्या मनात लुगड्यापासून तांब्यापर्यंत सगळा आहेर पुन्हा आठवून पाहिला. काही राहिलेलं नव्हतं.

तरी विहीणबाई नातीवर जीव टाकत, हे कबूल करायला हवं. सकाळी सायली झोपेत असताना बाळाला कोवळ्या उन्हात घेऊन बसत. दुपारी, तिन्हीसांजेला पुन्हा घेत. सायली सासूच्या कौतुकाने म्हणे, “आत्याबाईंकडं गेली की कशी गपगार झोपती.” योगिता सिस्टर फेरीला आली की विचारायची, “पाजलं का?” चतुराबाई म्हणायच्या, “व्हय, पाजलं.” योगिता कॉम्प्युटरवर ‘अंगावरचं’ भरायची आणि पुढच्या पाळण्याकडे जायची.

तेरा तारखेला वजन केलं. एक किलो नऊशे साठ. नववा दिवस, आणि जन्मताना होतं त्याहून ऐंशी ग्रॅम कमी. डॉक्टर विजयसिंहांनी काटा शून्यावर आणून परत मोजलं, मग पडद्यापाशी जाऊन नोंदी चाळल्या. “रोजच्या बारा वेळा आहेत. सगळं अंगावरचं आहे. मग हे जातंय कुठं?” त्यांनी बाळाला तपासलं, सायलीला तपासलं, आणि त्यांनाही कोडं पडलं. “परवा सकाळपर्यंत वाढलं नाही, तर बीडला पाठवू. मोठे डॉक्टर बघतील. उगाच जोखीम नको.”

गहिनीनाथ ऑफिसात येऊन बसले. बीड काही परदेश नव्हे, पण एवढ्याशा जिवाला ॲम्ब्युलन्समध्ये घालायचं, या विचाराने त्यांनी उघडलेलं रजिस्टर तसंच मिटलं. आणि नेमका त्याच वेळी जिल्ह्याच्या आरोग्य कार्यालयातून फोन आला. पलीकडे मॅडम होत्या.

“तुमच्याकडे एक तारखेपासून सगळी बाळं वरचं दूध घेतायत?”

“नाही मॅडम. अंगावरचं.”

लाइन खरखरली. “हो, वरचंच म्हणतेय मी.”

“वरचं नाही मॅडम. अंगा...”

“गंगा कोण?” मॅडमनी विचारलं. “त्यांच्याकडे फोन द्या.”

गंगा नावाचं कोणी नाही, हे समजावण्यात रेंज गेली. त्यांनी कॉम्प्युटर उघडून पाहिला. सगळीकडे अंगावरचं. बंद करून पुन्हा उघडला. तरी अंगावरचंच. दुसऱ्या दिवशी सकाळी कारणे दाखवा नोटीस आली. आपल्या रुग्णालयात शंभर टक्के नवजात बालकांना वरचे दूध दिले जात असून दुधाच्या डब्यांची विक्री होत असल्याचा संशय आहे, उद्या पथक येत आहे. सोबत पुरावा म्हणून त्यांच्याच रुग्णालयाचा छापील अहवाल जोडलेला होता. पानभर एकाखाली एक ‘वरचं, वरचं, वरचं’ आणि तळाशी ‘नोंद तपासणार: नीनाथ’.

सव्वीस वर्षांत पहिली नोटीस, आणि तीही अर्ध्या नावाने. गहिनीनाथ त्या नीनाथकडे बघत राहिले. मग त्यांनी बोटांवर अक्षरं मोजली. ग, हि, नी, ना, थ. पाच. छापली गेली मागची तीन. मग अं, गा, व, र, चं. पाच. छापली गेली मागची तीन. योगिताची मुळात तीनच, म्हणून ती शाबूत. चिठ्ठीवर पूर्वी शब्दांच्या आणि नावांच्या जागी नुसते आकडे छापत, म्हणून छपाईचा प्रत्येक रकाना तीनच घरांचा आणि उजवीकडून भरणारा होता. जे मावत नव्हतं ते डावीकडून गळून पडत होतं. तीन महिने शोधून आणलेल्या शब्दाचं ‘अंगा’ रोज सकाळी छपाईयंत्रात सांडत होतं, आणि उरलेल्याचा अर्थ बरोबर उलटा होत होता.

त्यांनी मदतकक्षाला फोन केला. मुलगा म्हणाला, “सर, रकाना रुंद करायला वेगळं तिकीट लागेल.”

मग उद्या पथकाला उत्तर काय द्यायचं? बंकटरावांना विचारावंच लागलं. नोटीस हा त्यांच्या आवडीचा विषय. त्यांनी ती दोनदा वाचली, चष्मा पुसला आणि म्हणाले, “गहिनीनाथ, तलाठ्याच्या दप्तरात असं लई झालंय. छापील चुकलं तर हातानं लिव्हायचं न्हाई, ती खाडाखोड धरतेत. शिक्का मारायचा. शिक्क्याला कुणी कायबी म्हणत न्हाई.”

म्हणून चौदा तारखेच्या दुपारी गहिनीनाथ वडवणीला जाऊन शिक्केवाल्यापुढे उभे राहिले. कागदावर लिहून दिलं, ‘अंगा’.

“पुढं?” शिक्केवाल्याने विचारलं.

“पुढं काही नाही.”

“अंगारा का? देवस्थानचं काम हाय व्हय?”

“अंगा. एवढंच. पुढचं आमच्याकडं छापलेलं आहे.”

शिक्केवाल्याने त्यांच्याकडे सहानुभूतीने बघितलं आणि उन्हात कशाला फिरता, असं म्हणून पाणी दिलं. शिक्का मात्र तासाभरात झाला. पंधरा तारखेला सकाळी सातलाच गहिनीनाथ ऑफिसात बसले आणि एक तारखेपासूनच्या सगळ्या चिठ्ठ्या पुढे घेऊन प्रत्येक ‘वरचं’च्या आधी ‘अंगा’ मारू लागले. वीसेक बाळं, सहाशेच्या वर नोंदी. शाई बोटांना, बोटांवरून कपाळाला लागली. नातीच्या चिठ्ठ्या त्यांनी शेवटी ठेवल्या होत्या. त्या घेणार, तेवढ्यात योगिता दारात आली. “सर, वजन झालं. एकोणीसशे पन्नास. डॉक्टर कागद करायलेत बीडचा.”

ते उठले, आणि दारातच जिल्ह्याच्या मॅडम समोर आल्या. मागे दोन माणसं. पथकाने कपाटं उघडली, गादीखाली बघितलं, स्वयंपाकघरात डबे हुंगले. सगळ्या रुग्णालयात बाळाच्या दुधाच्या पावडरीचा एकच डबा सापडला आणि तो गहिनीनाथांच्या टेबलावर. त्यात गेली सतरा वर्षं ते टाचण्या ठेवत. एका माणसाने डब्याचा मोबाईलवर फोटो काढला, मग टाचण्यांसह दुसरा काढला.

“मॅडम, इथं एकाही बाळाला वरचं दूध मिळत नाही,” गहिनीनाथ कपाळावरच्या शाईसकट म्हणाले. “कागद चुकीचा आहे. शब्द कापला जातोय.” त्यांनी शिक्का मारलेला गठ्ठा पुढे केला. मॅडमनी एक चिठ्ठी उचलली. अंगा, अंगा, अंगा. “हे काय आहे?” त्यांनी विचारलं. गहिनीनाथांनी समजावलं. मॅडमनी पुन्हा विचारलं. त्यांनी बोटांवर अक्षरं मोजून दाखवली, आधी शब्दाची, मग नावाची, मग योगिताच्या नावाची. आता मॅडमही मोजू लागल्या. दाराशी गर्दी झाली. सायली बाळाला घेऊन वॉर्डाच्या उंबऱ्यात उभी होती, बीडला निघायच्या तयारीने, डोळे लाल करून. “मी खात्रीनं सांगतो,” गहिनीनाथांचा आवाज चढला, “ह्या कागदावरचं एकही ‘वरचं’ खरं नाही.”

“खरं हाय की,” मागून चतुराबाई म्हणाल्या.

सगळे वळले. विहीणबाईंनी कमरेच्या पिशवीतून पितळेचं बोंडलं काढलं, लेकराला दूध पाजायचं चोचीचं, आणि टेबलावर टाचण्यांच्या डब्याशेजारी ठेवलं. “म्या पाजते. शेळीचं. रोज तीनदा. कागद बराबर हाय तुमचा, इवाई. खोटा कावून म्हणताव?”

“ईनबाई, पण तुम्हाला कोणी सांगितलं?”

“तुमीच सांगितलं. पाळण्याला कागद टांगलाय न्हव का? वरचं, वरचं, बारा येळा. म्या वाचला की. म्हणलं पोरीला दूध न्हाई, हे आमच्यापासून लपवायलेत. दवाखाना वरचं पाजतोय, तर मग त्या डब्यातल्यापरीस माज्या शेळीचं काय वाईट. पोरीचं मन दुखू नये म्हणून गपचिप पाजलं. अन् सिस्टरनं इच्यारलं तवा सांगितलं, पाजलं म्हणून. खोटं कवा बोलले का मी?”

नव्हत्या बोलल्या. योगिताने तोंडावर हात ठेवला. ‘पाजलं का’ एवढंच तिने विचारलं होतं. काय पाजलं, हे कोणी विचारलंच नव्हतं.

आता सायली बोलली. “आत्याबाई, मला दूध लई येतंय. रात्री पदर भिजतोय माजा. पोरगी पितच न्हाई, सारखी झोपती, म्हणून मी रडायलीय.”

चतुराबाईंचा चेहरा एकदम उतरला. त्या खाली बसल्या आणि बोंडलं पदराखाली झाकायला गेल्या. डॉक्टर विजयसिंह रागावणार असं सगळ्यांना वाटलं, पण ते आधी बाळाकडे गेले. नीट तपासलं, बीडच्या मोठ्या डॉक्टरांशी फोनवर बोलले, मग विहीणबाईंपुढे उकिडवे बसले. “आजी, एवढ्याशा पोटाला शेळीचं दूध पचत नाही. ते पिऊन ती सुस्तावते आणि आईला ओढत नाही. आजपासून एक थेंब वरचा नाही. दोन दिवस इथेच बघू, सकाळ-संध्याकाळ वजन करू. जरा जरी बिनसलं, तर लगेच बीड.” चतुराबाईंनी मान हलवली.

मॅडमना सगळं कळलं की नाही, कोण जाणे. त्यांनी घड्याळ पाहिलं. “हे बघा, तुमचा शिक्का मी मान्य करते. उरलेल्या चिठ्ठ्यांवरही मारून टाका. शंभर टक्के अंगावरचं असा अहवाल जाऊ दे, नोटीस रद्द होईल.”

उरलेल्या चिठ्ठ्या म्हणजे नातीच्या. गहिनीनाथांनी शिक्का उचलला. मारला असता तर काय बिघडत होतं? नोटीस जात होती, सव्वीस वर्षं शाबूत राहत होती, आणि विहिणीची लाज झाकली जात होती. पण पडद्यावर अंगावरचं होतं म्हणूनच सहा दिवस डॉक्टरांना काही कळलं नव्हतं, आणि मोडक्या रकान्याने, चुकून का होईना, खरं तेच छापलं होतं. त्यांनी शिक्का हातातच धरला. “ईनबाई, कुठल्या वेळा ते सांगा.”

“सकाळी दिंद्रुडची यष्टी जाती तवा एक,” चतुराबाई पुटपुटल्या. “दुपारी सायली डोळा लावती तवा एक. अन् दिवा लावायच्या वक्ताला एक.”

एसटीची वेळ गहिनीनाथांना पाठ होती. आधीच्या चिठ्ठ्यांवर त्यांनी सगळीकडे ‘अंगा’ मारला, या सहा दिवसांच्या चिठ्ठ्यांवर नऊ-नऊ ठिकाणी मारला आणि तीन-तीन जागा तशाच सोडल्या. सहाशेच्या वर नोंदींत अठरा ‘वरचं’, तीही तपासणाऱ्याच्या घरची. मॅडमनी तो अहवाल घेतला आणि नोटीस रद्द होणार की नाही ते न सांगताच गेल्या. टाचण्यांचा डबा मात्र पुरावा म्हणून नेला.

शेळी त्याच दिवशी केजला परत गेली. चतुराबाई राहिल्या. आता त्या पाळण्याशेजारी भिंतीला टेकून बसत आणि सायलीने पदराखाली घेतलं की दर वेळी भिंतीवर खडूने एक रेघ ओढत. सोळाला संध्याकाळी वजन तेवढंच होतं. त्या जेवल्या नाहीत. गहिनीनाथांनी काटा चारदा पुसला.

सतराला सकाळी काटा एकोणीसशे ऐंशीवर थांबला. डॉक्टरांनी शून्यावर आणून परत मोजलं. एकोणीसशे ऐंशी. तीस ग्रॅम वर. गहिनीनाथांना हुंदका आला आणि तो लपवायला ते ऑफिसात पळाले.

मागोमाग चतुराबाई आल्या, हातात आदल्या दिवसाची चिठ्ठी. बाराच्या बारा ‘वरचं’. रकाना अजून रुंद झाला नव्हता. “इवाई, शिक्का द्या. आज समदं अंगावरचं हाय, म्या रेघा मोजल्यात.” त्यांनी टेबलावरचा शिक्का स्वतःच उचलला, शाईत दाबला आणि जीभ दातांत धरून एकेका नोंदीपुढे मारत खाली आल्या. बारा झाले. मग तळाची ओळ वाचून थांबल्या. “हितंबी अर्धंच छापलंय,” असं म्हणून त्यांनी तेरावा शिक्का मारला.

गहिनीनाथांनी चिठ्ठी हातात घेतली. नोंद तपासणार: अंगानीनाथ. त्यांनी ती दोनदा वाचली आणि उठून नातीच्या पाळण्याला अडकवून आले.